फरक पडला, पण कशामुळे? गडचिरोली, आशाताई आणि मधल्या कड्या

मीठभाकर

गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचा नवजात बाळांचा प्रयोग इथल्या बहुतेकांना ऐकून माहीत असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत काम केलं आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. १९९३ ते ९५ या काळात कामाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत अशी घट झाली नाही. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर गाजलं.

मी एका छोट्या संस्थेत मूल्यमापनाचं काम बघतो. आमच्याकडे प्रत्येक प्रस्तावात हा प्रयोग येतो, आणि तो एकाच वाक्यात येतो: "प्रशिक्षित स्त्रीने घरी भेटी दिल्या की बालमृत्यू निम्म्याहून कमी होतात." मला या वाक्याचा हळूहळू वैताग यायला लागलाय, म्हणून हा धागा.

भेटींनी बाळ वाचत नाही. भेटीत जे होतं त्याने वाचतं. गडचिरोलीत आरोग्यदूत बाई बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर असायची. बाळ रडलं नाही तर श्वास सुरू करायला तिच्याकडे साधन होतं आणि ते वापरायचा सराव होता. कमी वजनाच्या बाळाला ऊब, लगेच अंगावरचं दूध, वजनाची नोंद हे ती बघायची. जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणं दिसली आणि घरच्यांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, तर लेखी संमती घेऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन स्वतः द्यायची. वर ठरावीक दिवसांनी गावात येऊन तिचं काम तपासणारा डॉक्टर होता.

या सगळ्यात नेमकं कशाने किती? 'सर्च'च्या लोकांनी २००५ मध्ये स्वतःच हा हिशेब मांडला. वाचलेल्या जिवांपैकी ३६ टक्के श्रेय जंतुसंसर्गावरच्या उपचाराला, ३४ टक्के कमी वजनाच्या बाळांच्या काळजीला, १९ टक्के श्वास न घेणाऱ्या बाळावरच्या उपचाराला, आणि निव्वळ प्रतिबंधाला ७ टक्के. असे वाटे पाडताना काही गृहीतकं धरावी लागतात, हे कबूल. तरी मला हा तक्ता त्या गाजलेल्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. प्रयोग दुसरीकडे नेणाऱ्याला तो सांगतो की यातलं काय गाळलं तर किती गमवाल.

आता २०११. केंद्राने हीच कल्पना देशभर आशांकडे दिली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि सगळं नीट पार पडलं तर २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशाच्या हातात दिलं नाही. दरम्यान २००५ ला दवाखान्यात बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आल्यामुळे बाळंतपणंच घरातून दवाखान्यात सरकली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ ला ३९ टक्के होती, २०१५-१६ ला ७९ टक्के झाली. म्हणजे कारणांच्या साखळीतली श्वासाची कडी प्रसूतिगृहात गेली, इंजेक्शनची कडी उपकेंद्रात किंवा रुग्णालयात गेली. आशाकडे उरली ऊब, दूध, वजन आणि धोका ओळखून वेळेत पाठवणं.

याला मी अपयश म्हणत नाही. मुद्दा एवढाच की हा दुसरा कार्यक्रम आहे. गडचिरोलीचा आकडा त्याच्या कपाळावर चिकटवता येत नाही, त्याची कारणांची साखळी वेगळी तपासावी लागते. तुमच्या बघण्यात अशी उदाहरणं असतील तर लिहा.

रानवारा

वाचतेय. चांगला धागा. वाटे पाडल्याचं माहीत नव्हतं.

गणितमास्तर

धागा आवडला, पण एक बोचरा प्रश्न. "साखळी समजून घ्या" म्हणणाऱ्यांची एक खोड असते. गोष्ट छान जुळली की ती खरी मानायची. गडचिरोलीला वजन आलं ते ४७ गावांमुळे. ती नसती तर रस्ते झाले, पोरी शिकल्या, पाऊस बरा झाला, असं कुणीही काहीही म्हणालं असतं. देशाचा नवजात मृत्युदर सरकारच्या नमुना नोंदणीनुसार २००५ ला हजारी ३७ होता, २०२० ला २० झाला. याचं श्रेय आशाला, जननी सुरक्षेला, जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांना की १०८ रुग्णवाहिकेला? प्रत्येकाकडे आपली साखळी तयार आहे. तुलनाच नसेल तर साखळ्यांची नुसती स्पर्धा लागते.

मीठभाकर

मास्तर, तुलनेला माझा विरोध नाहीच. तुलना सांगते की फरक या कामानेच पडला. कुठल्या वाटेने पडला ते सांगत नाही.

आणि साखळी तपासता येते, नुसती रंगवायची नसते. साखळी खरी असेल तर आकड्यांत तिचा माग दिसला पाहिजे. गडचिरोलीचंच घ्या. समजा फरक फक्त स्वच्छतेने पडला असता. मग जंतुसंसर्ग होणारी बाळंच कमी झाली असती, पण ज्यांना झाला त्यांच्यात दगावण्याचं प्रमाण पूर्वीइतकंच राहिलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आरोग्यदूतांनी मुख्यतः निरीक्षण आणि नोंदी केल्या, उपचार पुढच्या वर्षापासून सुरू झाले. संसर्ग झालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण उपचाराआधी १६.६ टक्के होतं, नंतर २.८ टक्के. ही खूण उपचाराची आहे. प्रतिबंधाने ती उमटत नाही. अशा दोन-तीन खुणा आधीच लिहून ठेवायच्या आणि मग विदा (आकडेवारी) उघडायचा. नंतर शोधल्या तर हव्या त्या सापडतात.

गणितमास्तर

"आधी लिहून ठेवायच्या" हे मान्य. तेवढ्या अटीवर मी तुमच्या पंगतीला बसतो.

बालरोगवाला

नाळेवर लावायच्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा किस्सा इथे हवाच. नेपाळमध्ये सर्लाही जिल्ह्यात मोठी चाचणी झाली, २००६ ला प्रसिद्ध झाली. नाळ या औषधाने पुसलेल्या बाळांत मृत्यू २४ टक्के कमी. पुढे बांगलादेश आणि पाकिस्तानातूनही अनुकूल निकाल आले. औषध स्वस्त, लावायला सोपं. आता आफ्रिकेतही लावा, असं ठरलं.

झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावर मोठ्या चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये निकाल आले. मृत्युदरात म्हणावा असा फरक नाही! औषध तेच आणि जंतूही काही वेगळ्या ग्रहावरचे नव्हते. पण दक्षिण आशियातल्या त्या गावांत बाळंतपणं बहुतेक घरी होत होती आणि मुळातला मृत्युदर जास्त होता. आफ्रिकेतल्या त्या भागांत दवाखान्यातली बाळंतपणं बरीच होती आणि मृत्युदर आधीच कमी होता. नाळेतून शिरणारा संसर्गच कमी असेल तर तो अडवून किती जीव वाचणार? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही सरसकट नव्हती. जिथे नवजात मृत्युदर हजारी ३० किंवा जास्त आहे अशा भागांत घरी जन्मलेली बाळं, असा तिचा रोख होता.

मास्तर, या सगळ्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकावी तसे गट पाडलेल्या) चाचण्या होत्या हं. प्रत्येकीचं उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं.

माजघर

माझी काकू सातारा भागात आशा आहे. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते.

"कागदावर सहा भेटी आहेत. पण पहिलटकरीण माहेरी जाते. नाव नोंदवलं माझ्याकडे, गोळ्या दिल्या मी, सोनोग्राफीला घेऊन गेले मी. सातव्या महिन्यात ती गेली माहेरी. बाळ झालं तिकडे. तिकडच्या आशाच्या यादीत ती नाही. इकडे परत येते तेव्हा बाळ दोन महिन्यांचं. मग त्या सहा भेटी कुणाच्या?"

काही ठिकाणी दोन्हीकडच्या आशा फोनवर बोलून सांभाळून घेतात. पण ते त्यांच्या भल्या स्वभावावर. वर बसून ज्यांनी हे आखलं त्यांनी बहुधा "आई आणि बाळ एका घरात राहतात" असं धरलं असणार. आपल्याकडे नेमक्या त्याच ४२ दिवसांत ते खरं नसतं. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर घरालाच कुलूप.

पैशांबद्दलही ती बोलली. २५० रुपये मिळायचे तर वजनाची नोंद, लस, जन्माची नोंदणी आणि ४२ दिवसांपर्यंत आई-बाळ सुखरूप, असं सगळं लागतं. "बाळ गेलं तर माझे चार हेलपाटेही गेले." यावर मी काय बोलणार?

मीठभाकर

माजघर, काकूंना नमस्कार सांगा. माहेरचा मुद्दा मी वाचलेल्या एकाही मूल्यमापन अहवालात ठळकपणे आलेला नाही, आणि मी बरेच वाचलेत. काकूंनी तो दोन मिनिटांत सांगितला. भेटींची सरासरी काढणाऱ्याला "चार भेटी झाल्या" एवढंच दिसतं. पहिलटकरणी आणि दुसऱ्या खेपेच्या बाया वेगळ्या काढून बघितल्या तर कदाचित सगळी तूट पहिल्या गटातच निघेल. हे तपासण्याजोगं आहे. काढतो आमच्या तालुक्याचं.

रानवारा

माहेरवरून आठवलं, पोषण कार्यक्रमांच्या अभ्यासात सासूबाईंचं एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे.

तामिळनाडूत १९८० पासून जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक पोषण प्रकल्प चालला. मुलांची नियमित वजनं, घसरलेल्या मुलाला पूरक आहार, आईला समज देणं. तो चांगला चालला म्हणून नव्वदच्या दशकात बांगलादेशात तसाच उभारला. तिथे आयांना माहिती मिळाली, त्या बैठकांना आल्या, काय खायला घालायचं ते त्यांना पाठही झालं. मुलांच्या पोषणात मात्र अपेक्षेएवढा फरक दिसेना.

नंतर जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने खोदून बघितलं. बांगलादेशातल्या त्या गावांत बाजारहाट पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात कुणाच्या ताटात काय पडणार ते सासू ठरवते. प्रशिक्षण दिलं सुनेला! शिवाय पूरक आहार मिळाला की घरचं तेवढं जेवण कमी व्हायचं किंवा तो दुसऱ्याच्या पोटात जायचा.

तामिळनाडूतला निकाल खोटा नव्हता. तिथे "आईला कळलं की मुलाला मिळतं" ही कडी बऱ्यापैकी शाबूत होती. इतकी शाबूत, की ती कडी आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाणकळा

आरोग्यातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. आम्ही पारनेरकडचे.

पाणी राखण्यासाठी गाजलेलं हिवरे बाजार बघायला बसच्या बस येतात. पाहुणे काय बघतात? डोंगरावरचे सलग समतल चर, बंधारे, झाडी, टुमदार घरं. फोटो काढतात, गावी जाऊन चर खोदतात. चार वर्षांनी उन्हाळ्यात टँकर. मग म्हणतात, "तिकडची माती वेगळी असेल" किंवा "आमच्याकडे पोपटराव पवारांसारखा सरपंच नाही."

चरांनी पाणी जमिनीत गेलं, बरोबर. पण ते राहिलं कशामुळे? गावाने शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली. ऊस-केळीसारख्या पिकांना मनाई केली. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीला काय लावायचं ते ठरवतात. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याचं पीक नाही. या गोष्टी फोटोत येत नाहीत आणि त्यांचं टेंडरही निघत नाही, म्हणून त्या कुणी उचलत नाही.

जलयुक्त शिवारात आमच्या भागात पोकलेन लावून नाले खोल-रुंद केले. पहिल्या चांगल्या पावसात विहिरी भरल्या, लोक खरंच खूश होते. मी पण होतो. विहिरीला पाणी दिसल्यावर काय झालं असेल? ज्याच्याकडे पैसा त्याने बोअर मारला, डाळिंब लावलं. भूजलाचा कायदा २००९ चा आहे म्हणतात, आमच्या शिवारात त्याची कुणाला भीती वाटल्याचं मी पाहिलं नाही.

शेततळ्याची तऱ्हा तर उलटीच. पावसाचं पाणी साठवायला अनुदान. पण खाली प्लास्टिक अंथरलेलं, त्यामुळे त्यातला थेंब जमिनीत मुरत नाही. आणि भरायचं कशाने? बोअरने! जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. मूल्यमापनात मात्र "इतकी शेततळी पूर्ण, इतकं सिंचन वाढलं" असं येतं. ज्याचं तळं त्याचं वाढलंच की. शेजाऱ्याच्या विहिरीचं काय झालं ते त्या रकान्यात नाही.

रानवारा

पाणकळा, हे स्वतंत्र लेख म्हणून लिहा ना. इथे प्रतिसादात हरवून जाईल.

पाणकळा

कांदे काढून झाले की बघतो.

सेवानिवृत्त

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. सगळ्यांचं वाचून मजा वाटली आणि थोडा रागही आला, तो आधी मोकळा करतो.

वरून उद्दिष्ट येतं, फेब्रुवारीत पैसे येतात, मार्चअखेर खर्ची टाकायचे असतात. विस्तार अधिकाऱ्याकडे शंभर कामं. अशा वेळी "मधली कडी" शोधायला कुणाला पाठवायचं? जे मोजता येतं ते मोजलं जातं: किती चर, किती भेटी, किती गोळ्या. मोजलं नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. साखळी समजली नाही म्हणून कुणावर आक्षेप निघाल्याचं मला आठवत नाही.

दुसरं. साखळी कळली तरी ती टिकवायची कुणी? उदयपूर जिल्ह्याचं उदाहरण देतो. 'सेवा मंदिर' संस्थेने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांबरोबर तिथे बरेच प्रयोग केले. लसीकरणाला येणाऱ्यांना किलोभर डाळ दिल्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे: नेहमीच्या व्यवस्थेत पूर्ण लसीकरण ६ टक्के, वेळेवर भरणारी शिबिरं ठेवली तर १८, आणि शिबिरांबरोबर डाळ दिली तर ३९. हे भाषणात सांगायला सोपं.

त्याच जिल्ह्यातला दुसरा प्रयोग कमी सांगितला जातो. सरकारी नर्स उपकेंद्रावर हजर राहाव्यात म्हणून वेळेचे शिक्के मारणारी यंत्रं दिली आणि गैरहजेरीला पगारकपात ठेवली. सुरुवातीला हजेरी चांगली वाढली. मग आरोग्य खात्यातूनच "सूट दिलेले दिवस" वाढत गेले. आज बैठक, उद्या सर्व्हे. दीड वर्ष होत आलं तोवर यंत्रं दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फरक उरला नव्हता. खरी अडचण यंत्राची नव्हती. नर्सलाही नको होतं, वरच्या साहेबालाही नको होतं, आणि गावानेही ओरड केली नाही, कारण गावाने उपकेंद्राची आशा केव्हाच सोडली होती.

तेव्हा मीठभाकर, तुमच्या साखळीच्या आकृतीत "तालुका आरोग्य अधिकाऱ्याला यात काय मिळतं?" असा एक चौकोन काढत जा. बहुतेक संस्थांच्या आकृत्यांत शासन म्हणजे पैसे येणारा बाण असतो.

गणितमास्तर

सेवानिवृत्त, तो चौकोन आवडला. तुमच्या नर्सच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट आहे. मोजणी सहाव्या महिन्यात थांबवली असती तर "यशस्वी" असा शिक्का बसला असता आणि देशभर यंत्रं वाटली गेली असती. साखळीतल्या कड्यांना आपापला वेळ लागतो. लोकांना पळवाट सापडायलाही वेळ लागतो. आपल्या मूल्यमापनाची तारीख मात्र अनुदानाच्या तारखेवरून ठरते.

माजघर

सेवानिवृत्तकाका, "गावानेही ओरड केली नाही" यावर काकू म्हणाली, "ओरडणार कुणाकडे? ओरड ऐकायला पण मीच असते."

निळीगोळी

नवीन सभासद. पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पूर्व विदर्भात आश्रमशाळांमध्ये किशोरवयीन मुलींच्या ॲनिमियावर काम करते. आठवड्याला लोहाची एक निळी गोळी, वर्षातून दोनदा जंतनाशक, वर आहाराचं सत्र. वर्षभराने हिमोग्लोबिनची सरासरी जेमतेम हलली. वरिष्ठ म्हणतात, "गोळी चालत नाही, बंद करून दुसरं काहीतरी करू." मला तसं वाटत नाही, पण कसं मांडू?

मीठभाकर

स्वागत. हिमोग्लोबिनकडे जायच्या आधी गोळीच्या मागे जा. शाळेत पोचली का, किती महिने साठा शून्य होता? वाटली की समोर गिळायला लावली? सोमवारी वाटत असतील तर घरून सोमवारी न परतणाऱ्या मुली किती? रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं, मग पुढच्या वेळी पोरी जिभेखाली धरून बाहेर थुंकतात. हे साठ्याच्या रजिस्टरमधून कळणार नाही, मुलींशी गप्पा मारूनच कळेल. तेही शिक्षक जवळ नसताना. ज्या शाळांत गोळी खरंच पोटात गेली तिथेही हिमोग्लोबिन हललं नसेल, तर आणि तरच "गोळी चालत नाही" हे म्हणणं विचारात घ्या.

बालरोगवाला

आणि एक फार महत्त्वाचं. पूर्व विदर्भातल्या आश्रमशाळा म्हणजे सिकलसेलचा (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) पट्टा. ज्या मुलीला सिकलसेल आजार आहे तिचं हिमोग्लोबिन कमी असतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाच्या गोळीने ते वर येणार नाही. तिला वेगळे उपचार लागतात. तुमच्या सरासरीत अशा मुली किती मिसळल्यात ते आधी बघा. तपासणी झालेली असेल तर शाळेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सिकलसेलची कार्डं असतील. नुसत्या वाहक मुलींचा प्रश्न वेगळा, त्यांचं हिमोग्लोबिन सहसा बरं असतं, त्यांना वगळू नका.

निळीगोळी

कार्डं आहेत. वाहक आणि आजार असलेल्या अशी वेगवेगळ्या रंगांची. हिमोग्लोबिनच्या यादीशी ती कुणी जोडून बघितलेली नाहीत. नावांची स्पेलिंगं दोन्हीकडे वेगळी आहेत, त्यामुळे हाताने जुळवावी लागतील. गोळी कुठल्या वारी देतात तेही शाळाशाळांत वेगळं आहे, ते या आठवड्यात फोन करून विचारते.

गणितमास्तर

जुळवणी करताना मुलींची नावं काढून क्रमांक टाका आणि मगच कुणाला फाइल पाठवा. तक्ता कसा मांडायचा त्यात अडलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि यादी उघडायच्या आधी, कुठल्या गटात किती फरक अपेक्षित आहे ते कागदावर लिहून, तारीख घालून वरिष्ठांची सही घ्या.